गोधडीचा हिशेब
(महिला मेळाव्यात केलेले भाषण)



बँकेत आकडेमोड करणाऱ्या माणसाने गोधडीवर काय बोलावे, असे आपल्या मनात येईल. आमच्या आईचे गुडघे माढ्याच्या थंडीत धरतात. लोकरीचे ब्लँकेट तिला टोचते. म्हणून मांडीवर घेण्यापुरती, तीन फूट बाय चार फूट गोधडी आम्ही स्वतः शिवायची ठरवली. ट्रंकेतून आईची जुनेरे आणि वडिलांचे विरलेले धोतर निघाले.

पहिली चूक कापडातच झाली. दिसायला झळझळीत म्हणून आम्ही नायलॉनची साडी घेतली. सुती कापडाशी ती जमेना, सारखी सरकू लागली. आईने ती बाजूला सारली. कोरे कापडही तिने धुऊन वाळवल्याशिवाय घेऊ दिले नाही. नंतर आटले की गोधडी चुरगळते. मऊ धोतर अंगाकडच्या बाजूला, मध्ये जुनेराचे दोन थर आणि वर ठिगळे, असे तिनेच लावून दिले.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक कथा आहे. राजा उदेनच्या राण्यांनी भंते आनंदांना पाचशे चीवरे दान दिली. एवढ्यांचे काय करणार, असे राजाने विचारले. ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना वाटू, असे भंते म्हणाले. मग त्या जीर्ण चीवरांचे काय? त्यांची आच्छादने, ती जुनी झाली की गादीच्या खोळी, पुढे जमिनीवरची अंथरुणे, पायपुसणी, फडकी आणि शेवटी चिंध्या कुटून चिखलात कालवून जमीन सारवायची. कापडाचे इतके चोख ऑडिट आम्ही तरी दुसरीकडे पाहिले नाही! आपल्या आया-आज्यांनी हेच केले.

थर जमिनीवर ताणून, चारी बाजूंना वजन ठेवून, आधी कच्चे टाके घातले. हे टाळले तर सगळी चूण मध्यभागी गोळा होते. मग काठापासून आत, एकेक इंच सोडून धावदोरा. इथे आमच्यातला कारकून जागा झाला. तीन बाय चार फुटांत इंचाइंचावर ओळी म्हणजे एकूण १४४ फूट शिवण. इंचाला तीन टाके धरले तर ५,१८४ टाके! बोटाला भोके पडली ती वेगळीच.

हा आकडा पाहून आमची मान खाली गेली. दोन वर्षांपूर्वी मोठी गोधडी शिवून देणाऱ्या एका बाईंशी आम्ही मजुरीवरून घासाघीस केली होती. "कापड तर आमचेच आहे," असे वर ऐकवलेही होते. जणू टाके फुकटच पडतात! बाईंचा दोरा, डोळे, पाठ आम्ही हिशेबात धरलीच नव्हती. कापलेले पैसे आम्ही घरी नेऊन दिले. बाईंनी मोजून घेतले आणि "आता पुढची कधी आणताय?" एवढेच विचारले.

राहिला गोट. अडीच इंचाची सुती पट्टी उलट्या बाजूने शिवून घ्यावी, कड आत दुमडून सुलट्या बाजूवर आणावी आणि तुरपावी. सरळ कडांना उभी पट्टी चालते. कोपरे गोल केले असतील तर तिरकी कापावी लागते. आम्ही चौकोनी कोपरे ठेवले. आईने गोधडीवरून हात फिरवला, एक कोपरा पाहिला, काही न बोलता तो उसवला आणि सुई आमच्या हातात दिली.