खोल समुद्रातली वाळू कुठं संपते?

ह्यूस्टनमधल्या आपल्या कितीतरी घरांत कुणी ना कुणी तेलाच्या व्यवसायात आहे. मेक्सिकोच्या आखातात खोल पाण्याखाली तेल सापडतं, ते बहुतेक वाळूच्या थरांत, हेही आपण ऐकलेलं असतं. पण किनाऱ्यावरची वाळू एवढ्या खोलात गेली कशी, असं मुलांनी विचारलं तर? आज त्याविषयी बोलू.

१८ नोव्हेंबर १९२९ रोजी न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला, समुद्राखाली मोठा भूकंप झाला. उतारावरचा गाळ घसरला, त्सुनामी आली आणि किनाऱ्यावरची पंचवीसहून जास्त माणसं दगावली. अटलांटिकच्या तळावरच्या तारायंत्राच्या बारा केबल तुटल्या. जवळच्या लगेच तुटल्या, पण दूरच्या एकामागून एक. शेवटची तर तेरा तासांनंतर. १९५२ साली ब्रूस हीझेन आणि मॉरिस युइंग यांनी त्या वेळांचा हिशेब मांडला. घसरलेला गाळ पाण्यात मिसळून त्याचा गढूळ लोंढा झाला होता आणि तो मोटारीच्या वेगानं समुद्रतळावरून शेकडो किलोमीटर धावला होता. खोल समुद्रात वाळू पोचते ती मुख्यतः अशा लोंढ्यांतून.

पुढचं घरी करून बघा. काचेच्या बरणीत पाणी, वाळू आणि माती घालून जोरात हलवा आणि ठेवून द्या. जाड वाळू आधी बसते, मग बारीक, आणि माती सगळ्यात शेवटी. लोंढा मंदावला की तळावर हेच होतं. असे हजारो लोंढे येऊन गेले की थरावर थर चढतात.

पण हे थर सगळीकडे सारखे नसतात. लोंढा आधी समुद्राखालच्या दरीतून उतरतो, मग नदीसारख्या नळीतून वाहतो आणि उतार संपला की पंख्यासारखा पसरतो. नळीत वाळू जाड पण अरुंद असते; तिच्या काठांवर पातळ वाळू आणि चिखल; पंख्यावर थर रुंद, पण कडेकडे पातळ होत जाणारा. आपल्या आखातात आणखी एक गंमत आहे. तिथं खाली मिठाचा जाड थर आहे. वरच्या गाळाच्या वजनानं मीठ सरकतं आणि तळावर खळगे आणि उंचवटे तयार होतात. वाळू आधी एक खळगा भरते, मग उंबरठा ओलांडून पुढच्या खळग्यात उतरते. उंबरठ्यावर मात्र ती जवळपास नसतेच.

इथंच माझ्यासारख्यांची परीक्षा असते. एकदा आमच्या विहिरीला उत्तम वाळू लागली. ध्वनिलहरींच्या चित्रात थर सलग दिसत होता, म्हणून दीड मैलावर दुसरी विहीर मीच सुचवली. तिथं नुसता चिखलाचा खडक निघाला. नकाशावरची रेघ मी सरळ ओढली होती. वाळू काही सरळ गेली नव्हती. काही मीटरचा थर एवढ्या खोलीवर त्या चित्रात दिसतच नाही. शिवाय दोन वाळूंमध्ये चिखलाचा पातळ पडदा असला, तरी एका बाजूचं तेल दुसऱ्या बाजूच्या विहिरीत येत नाही. अशा एकेका विहिरीचा खर्च कोट्यवधी डॉलरमध्ये असतो.

म्हणून आम्ही जमिनीवर आलेले जुने थर पाहायला जातो. पश्चिम टेक्ससमध्ये ग्वाडालुपे डोंगराच्या पायथ्याशी सव्वीस-सत्तावीस कोटी वर्षांपूर्वीची खोल समुद्रातली वाळू उघडी पडली आहे. चालत चालत एक थर जाड होताना, पातळ होताना आणि संपताना दिसतो. सुट्टीत गेलात तर मुलांना दाखवा.

आणि जगातला सगळ्यात मोठा असा पंखा कुठं आहे, ठाऊक आहे? आपल्या बंगालच्या उपसागरात. गंगा-ब्रह्मपुत्रेनं हिमालय झिजवून आणलेला तो गाळ सुमारे तीन हजार किलोमीटर दक्षिणेपर्यंत पसरलाय.

तर आज बरणी हलवून बघाच.