‘रक्तातच आहे’ म्हणण्याआधी

(तेलगाव येथे प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)

आज मी हप्ते आणि बँक कर्ज यावर बोलणार नाही. मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत ऐकलेल्या एका वाक्यावर बोलणार आहे. एका ताईंनी मुलाच्या आयटीआयच्या फीसाठी अंतर्गत कर्ज मागितलं होतं. बचत नियमित, आधीचं कर्ज फिटलेलं. तरी विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. कारण इतिवृत्तात लिहिलं नाही, पण तोंडानं बोललं गेलं: "बाप दारूत गेला, पोरगं त्याच वळणावर जाणार. खाण तशी माती. रक्तातच आहे ते." ताई काहीच बोलल्या नाहीत. पासबुक पिशवीत घातलं आणि उठून गेल्या.

मीही तेव्हा गप्प बसले. ते मला लागून राहिलं, म्हणून आज बोलते.

रक्तात काही उतरतच नाही, असं मी म्हणणार नाही. ते खोटं होईल. आई-बापाकडून लेकराला जनुकं मिळतात. शरीर कसं घडवायचं याच्या त्या सूचना असतात. निम्म्या आईच्या, निम्म्या बापाच्या. पण प्रत्येक लेकराच्या वाट्याला येणारा निम्मा हिस्सा वेगळा असतो. म्हणून एकाच घरात थोरला शांत आणि धाकटा पाळण्यातूनच तापट निघतो. "माझ्याच वळणात काय चुकलं?" असं म्हणून रडणाऱ्या आयांनो, सगळं तुमच्या वळणाचं नसतं. आधी तो बोजा खाली ठेवा.

मग किती उतरतं? हे शोधायला शास्त्रज्ञ जुळ्यांचा अभ्यास करतात. हुबेहूब दिसणाऱ्या जुळ्यांची जनुकं सारखी असतात, साध्या जुळ्यांची इतर भावंडांइतकीच जुळतात. दोन्ही प्रकारच्या जोड्यांची तुलना केली की अंदाज येतो. जगभरातल्या अशा पन्नास वर्षांच्या अभ्यासांचा एकत्र हिशोब २०१५ साली मांडला गेला. सुमारे १ कोटी ४५ लाख जोड्या होत्या. आजार, स्वभाव, बुद्धी असं सगळं धरून सरासरी निघाली ४९ टक्के. म्हणजे माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला साधारण निम्मा जनुकांशी जोडलेला.

आता इथं घोटाळा होतो. "बघा, निम्मं तर रक्तातच आहे!" तसा त्याचा अर्थ नाही. शेतातलं उदाहरण घेऊ. ज्वारीचं घरचं, सरमिसळ बी घ्या. एक मूठ काळ्या रानात टाका, पाणी द्या. दुसरी मूठ मुरमाड रानात टाका, पाणी देऊ नका. काळ्या रानात काही ताटं उंच होतील, काही बुटकी. रान एक, पाणी एक, म्हणजे तो फरक बियाण्याचा. मुरमाड रानातही तसंच. पण मुरमाड रानातली सगळीच ज्वारी काळ्या रानापेक्षा खुजी राहिली, तो फरक कशाचा? बी तर एकाच पोत्यातलं! तो फरक जमिनीचा आणि पाण्याचा. बांधावर उभं राहून कुणी म्हणालं, "या रानातलं बीच हलकं," तर तुम्ही हसाल. माणसांच्या बाबतीत मात्र आपण रोज हेच म्हणतो.

लेकराची जमीन तर आईच्या पोटातच सुरू होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायका आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास केला. गरोदरपणात ज्या आयांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं, त्यांची मुलं नऊ वर्षांची झाल्यावर लक्ष देण्याच्या आणि लक्षात ठेवण्याच्या काही चाचण्यांत मागं पडलेली दिसली. अशा पोराला आपण "ढ" म्हणतो आणि खापर घराण्यावर फोडतो. बी-१२ दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळतं, भाकरी आणि भाजीतून मिळत नाही. घरात सगळ्यांचं झाल्यावर गरोदर सुनेच्या ताटात काय उरतं, ते आपल्याला माहीत आहे.

जन्मानंतरही तेच. रोमानिया देशात अनाथालयांत लेकरांना जेवण मिळायचं, पण उचलून घेणारं, बोलणारं माणूस मिळायचं नाही. २००० साली तिथं १३६ लेकरांवर अभ्यास सुरू झाला. चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून निम्मी लेकरं सांभाळणाऱ्या कुटुंबांत दिली. त्यांची बुद्धी अनाथालयात राहिलेल्यांपेक्षा जास्त वाढली, आणि दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेल्यांना सगळ्यात जास्त फायदा झाला. जनुकं तीच होती, फक्त जवळ घेणारं माणूस मिळालं.

आपल्या जिल्ह्यात हे वेगळं सांगायला नको. दिवाळीच्या मागंपुढं कोयते निघतात. पोरगं पाचवीत असतं, सहामाही होते आणि मुकादमाची गाडी येते. मग चार-पाच महिने कोपी, पाचट आणि धाकट्या भावंडाला सांभाळणं. परत आल्यावर पाढे विसरलेले असतात. गुरुजी विचारतात, पोरगं मान खाली घालतं. आपण म्हणतो, "शिक्षण आमच्या नशिबातच नाही." नशीब कशाला म्हणायचं? अर्धं वर्ष शाळाच नव्हती.

"रक्तातच आहे" हे वाक्य कायद्यात गेलं की काय होतं, तेही आपल्या लोकांनी भोगलंय. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढं तो वाढवत नेला. काही जमातींत जन्मलेलं माणूस जन्मानंच गुन्हेगार, असं धरलं गेलं. हजेरी लावायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड वस्ती केली होती. कुंपणात ठेवायचं, आणि पोटासाठी कुणी चोरी केली की "बघा, रक्तच तसं!" म्हणायचं. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली तो कायदा रद्द झाला. शेजारच्या लातूर जिल्ह्यातल्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड अशाच ठपका बसलेल्या समाजात जन्मले, शिकले, आणि त्यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कायदा गेला. आपल्या बोलण्यातून गेला का? आपल्या गटांत पारधी वस्तीवरच्या बायका किती आहेत, ते आज घरी जाऊन मोजा.

आता दारूचं. खरं सांगते, दारूच्या व्यसनाचा कल घराण्यात काही प्रमाणात उतरतो. पण कल म्हणजे निकाल नाही. ज्यानं दारू तोंडालाच लावली नाही, त्याला जनुकं काहीही असोत, दारूचं व्यसन लागत नाही. उतरणीला लावलेली गाडी घरंगळू शकते, म्हणून आपण चाकाखाली दगड ठेवतो. गाडी दरीत ढकलून देत नाही. ज्या पोराला धोका जास्त, त्याला शाळा, हातात कला, चांगली संगत आणि विश्वास टाकणारं माणूस यांची गरज जास्त. आपण नेमकं त्यालाच नाही म्हणालो.

म्हणून तीन गोष्टी मागते. एक, कर्ज देताना बचत, हजेरी आणि परतफेड बघा, घराणं बघू नका. नकार द्यायचा तर कारण इतिवृत्तात लिहा. जे लिहायला लाज वाटते, ते कारण नव्हेच. दोन, गरोदर सून आणि दोन वर्षांच्या आतलं लेकरू यांचं ताट आणि त्यांच्याशी बोलणं, हा विषय गटाच्या बैठकीत दर महिन्याला घ्या. तीन, तोडीला जाणाऱ्या घरातली शाळेची लेकरं मागं राहू शकतील का, हे गाडी यायच्या आधी विचारा. हंगामी वसतिगृहासाठी मुख्याध्यापकांना भेटा. नाही तर आजीपाशी ठेवा, आणि आजीला गटानं हात द्या.

पोरासमोर "बापावर गेलाय" म्हणू नका. ते ऐकत असतं, आणि रोज ऐकलं की खरं मानायला लागतं.

त्या ताईंचा अर्ज येत्या बैठकीत पुन्हा येणार आहे. आयटीआयची फी भरायची तारीख कुणासाठी थांबत नाही. त्या गटातल्या मावश्या आज इथंच बसल्या आहेत. मी नाव घेत नाही. पण या वेळी मी गप्प बसणार नाही, आणि तुम्हीही बसू नका, एवढंच सांगायचं होतं.