टांच



पाय हा आपल्या भाषेंतला मोठा कर्ता पुरुष आहे. पाय धरावे, पाय काढावा, पाय मोकळे करावे, पाय घसरावा, पाय रोवावे: नुसती यादी वाचली तरी मला दिलेला वेळ पुरावयाचा नाहीं. आज मीं त्या पायाचा एक कोपराच निवडला आहे. चालतांना आपला आपल्याला जो दिसत नाहीं, मागून येणाऱ्याला मात्र दिसतो, तो कोपरा म्हणजे टांच. तिच्या नांवावर जमा असलेले वाक्प्रचार मोजकेच आहेत. पण त्यांतला एकहि हलका नाहीं.

पहिला मान घोडेस्वाराचा. एका हातांत लगाम, दुसऱ्या हातांत भाला; मग घोड्याला सांगावयाचें कशानें? टांचेनें. टांच मारली कीं घोडा चौखूर सुटतो. आपल्या शेजारची हिंदी भाषा हिलाच 'एड लगाना' म्हणते. स्वारांचे दिवस गेले, तरी शब्द उतरला नाहीं. 'याला टांच मारल्यावांचून हा हालायचा नाहीं' असें एखाद्या सुस्त मुलाला म्हणणाऱ्या आजीबाईंनीं घोडा बहुधा वरातींतच पाहिलेला असतो. या प्रयोगांत टांच ही हुकूम देणारी आहे. हुकूम पाळणारा खालीं आहे.

याच्या अगदीं उलट टोकाला 'टांचा घासणें' आहे. भुईवर अंथरूण, जवळ कोणी नाहीं, उठण्याचें त्राण नाहीं. शरीरांत जी काय हालचाल उरली आहे ती पायांत, आणि पायांत ती टांचांपुरती. मरण्यापूर्वींच्या त्या तडफडीचें एवढें उघडें चित्र दुसऱ्या कोणत्या शब्दांत असेल असें मला वाटत नाहीं. म्हणूनच 'टांचा घासून मरशील' हा शाप भांडणांतहि फार पुढें गेल्यावांचून तोंडांतून निघत नाहीं. हिंदी-उर्दूंतलें 'एड़ियाँ रगड़ना' हें याचेंच सख्खें भावंड. हीं दोन्हीं चित्रें जोडा न घातलेल्या पायाचीं आहेत, हें लक्षांत ठेवावें.

कारण इंग्रजींत गेलें कीं टांचेवर एकदम बूट चढतो. 'डाउन अ‍ॅट हील' म्हणजे कंगाल. ज्याच्या बुटाची टांच झिजून एका बाजूला कलली आहे आणि ती नवी बसविण्यास ज्याच्यापाशीं पैसा नाहीं, तो. याच्या उलट श्रीमंत तो 'वेल-हील्ड'. हा शब्द मात्र चांभाराच्या दुकानांतून आलेला नसून कोंबड्यांच्या झुंजींतून आला, असें मानतात. झुंजीच्या कोंबड्याच्या पायाला धातूची आंख बांधीत, तिचें नांव 'हील'. एकोणिसाव्या शतकांतील अमेरिकेंत त्यावरून 'हील्ड' म्हणजे कमरेला पिस्तूल असलेला मनुष्य झाला, आणि मग पिस्तुलाच्या जागीं पैसा आला. ही अदलाबदल फारशी मोठी आहे असें मला वाटत नाहीं. त्याच अमेरिकेनें विसाव्या शतकांत 'हील' हा शब्द हलकट माणसाला लावला. तेथील तमाशेवजा कुस्तींत खलनायकाचें काम करणारा मल्लहि 'हील'च.

आणखी एक जोडी पाहण्याजोगी आहे. बड्या माणसाच्या दारांत ताटकळत बसणें याला इंग्रज 'टांचा थंड करणें' म्हणतो. आपला अर्जदार अनवाणी. त्याच्या टांचा झिजत नाहींत, तो दुसऱ्याचे उंबरठे झिजवितो. शहरांत आल्यावर त्यानें वहाणा घेतल्या आणि तेव्हांपासून तो जोडे झिजवूं लागला.

अलीकडे 'अकिलीसची टांच' मराठींत फार ऐकूं येते. अकिलीस हा ग्रीक वीर. आईनें त्याला स्टिक्स नदींत बुडविलें तेव्हां धरलेली टांच तेवढी कोरडी राहिली, ही त्याची कथा. ती होमराच्या इलियडमध्यें नाहीं. पहिल्या शतकांतील स्टेशिअस या रोमन कवीनें ती सांगितली आहे. परक्या कथेला माझी ना नाहीं. पण ती उसनी आणतांना घरचीहि आठवावी. दुर्वासांनीं दिलेलें पायस कृष्णानें सर्वांगाला लावलें, तळपायांना लावलें नाहीं, असें महाभारताच्या अनुशासनपर्वांत आहे. आणि मौसलपर्वांत जरा व्याधाचा बाण तळपायालाच लागतो. एवढी कथा पदरीं असतांना आपण तिचा वाक्प्रचार केला नाहीं. आपल्याला मर्म हा शब्द पुरला असावा.

आतां सर्वांत जड टांच. 'अमक्याच्या मालमत्तेवर टांच आली' हें वाक्य वर्तमानपत्रांत इतक्या वेळां येतें कीं त्यांतला पाय आपल्याला दिसेनासा झाला आहे. टांचणें म्हणजे अडकवून ठेवणें. टांचणी आणि टांचण त्याच क्रियापदाचीं. मालमत्तेची टांच त्या घरची असो वा पायाची असो, ज्याच्या दारांत ती येते त्याला आपल्या वस्तूंवर परक्याचें पाऊल पडलेलेंच दिसतें. दुष्काळ येतो, साथ येते, तशी टांच येते.

या शब्दाचें वजन दख्खनच्या शेतकऱ्यानें जाणलें तसें फार थोड्यांनीं जाणलें असेल. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं बाजाराच्या दिवशीं सावकारांच्या दुकानांवर जमाव चालून गेला. जमावाला मुख्यतः हवे होते ते कागद: कर्जरोखे आणि हुकूमनामे. ते जाळले गेले, आणि दंगा इतर गांवांत व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. सरकारनें चौकशी केली आणि १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं निराळा कायदा झाला. पैशाच्या हुकूमनाम्यापायीं शेतकऱ्याला कैदेंत टाकूं नये, आणि कर्जासाठीं खास गहाण लिहून दिली नसेल तर त्याच्या जमिनीवर टांच आणूं नये, असें त्यांत ठरलें. टांच किती पुढें यावी याची एक रेघ तेव्हां ओढली गेली.

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमांत तशीच दुसरी रेघ आहे, आणि ती आजहि कायम आहे. ऋणकोचे व त्याच्या बायकामुलांचे अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाचीं भांडीं, अंथरूण-पांघरूण, धर्माचाराप्रमाणें जो दागिना स्त्रीला अंगावेगळा करतां येत नाहीं तो, कारागिराचीं हत्यारें, शेतकऱ्याचीं औतें, बियाणें, आणि पोट भरण्यास लागतील तेवढीं गुरें. इतक्या वस्तूंपुढें टांच थांबते. गुरें किती लागतात हें मात्र न्यायालय ठरवितें. आणि कर्ज फिटून ती निघते तेव्हांहि आपण पायाचीच भाषा बोलतों. म्हणतों, टांच उठली.