नायकाचा खलनायक होतो तेव्हा

पेशव्यांच्या आश्रयाने काशीच्या गंगातीरावर जे घाट नि वाडे उभे राहिले त्यांपैकी बालाजी घाट हा एक. प्रवाहाच्या वरच्या अंगास राजा घाट लागतो. त्याचे पक्के बांधकाम करविणारे अमृतराव हे पेशवे घराण्यातील रघुनाथरावांचे दत्तक पुत्र. आणि रघुनाथरावांचे नाव निघाले की नायकाचा खलनायक कसा होतो, हा प्रश्न मराठी मनापुढे उभा राहिल्यावाचून राहत नाही.

हा प्रश्न अलीकडे चित्रकथांच्या जगातही उपस्थित झाला. जो सायमन आणि जॅक कर्बी या दोघा ज्यू तरुणांनी निर्माण केलेला ‘कॅप्टन अमेरिका’ १९४१ सालच्या आपल्या पहिल्याच मुखपृष्ठावर हिटलरला ठोसा लगावीत अवतरला. तोच वीर २०१६ साली, नाझींशी जिचे नाते कथेतच सांगितलेले आहे अशा ‘हायड्रा’ नामक गुप्त संघटनेचा हस्तक असल्याचे दाखविण्यात आले, तेव्हा वाचकांत मोठा क्षोभ उसळला. पुढे उलगडा झाला तो असा, की वास्तव पालटून टाकणाऱ्या एका अद्भुत घनाने त्याचा भूतकाळच बदलला होता. पुढल्या वर्षी मूळ नायक परतलाही. वाचकांचा संताप मला न्याय्य वाटतो. कारण ते पतन नायकाच्या स्वभावातून उपजलेले नव्हते, बाहेरून त्याच्यावर लादलेले होते.

रघुनाथरावांचे पतन निराळे. १७५८ साली ज्यांच्या मोहिमेत मराठी फौजा लाहोर घेऊन सिंधूकाठच्या अटकेपर्यंत पोहोचल्या, त्यांच्याच पक्षाच्या गारद्यांनी, म्हणजे भाडोत्री शिपायांनी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात रघुनाथरावांचे तरुण पुतणे, पेशवे नारायणराव यांचा वध केला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी रघुनाथरावांस दोषी ठरविले, आणि बारभाई या विरोधी कारभाऱ्यांच्या मंडळाने कारभार हाती घेतल्यावर मसनदीच्या आशेने त्यांनी १७७५ साली सुरतेस इंग्रजांशी तह केला. ज्या महत्त्वाकांक्षेने त्यांच्या फौजा सिंधूपर्यंत नेल्या, तीच, विवेकाचा लगाम सुटताच, त्यांस परक्याच्या दाराशी घेऊन गेली. येथे अपराधाने पराक्रम खोटा ठरत नाही, आणि पराक्रमाने अपराध क्षम्य होत नाही.

म्हणून आवडत्या वीरास खल करणे हे मी निषिद्ध मानीत नाही. मात्र त्याच्या अधःपाताचे बीज त्याच्याच गुणांत आधीपासून दिसले पाहिजे, आणि त्याची खरी कर्तबगारी पुसली जाता कामा नये. केवळ धक्का देण्यासाठी केलेला पालट वाचकाच्या विश्वासाचा अपहार करतो. कारणांसह दाखविलेले पतन त्यास शहाणे करते.

आपल्या मुलांसाठी चित्रकथा रचणाऱ्या मराठी लेखक-चित्रकारांस माझी विनंती एवढीच, की रघुनाथराव रंगवाल तेव्हा अटक आणि शनिवारवाडा ही दोन्ही पाने एकाच पुस्तकात ठेवा. मुले दोन्ही वाचण्याइतकी समर्थ असतात.