हरकत टिकते ती पुराव्यावर



ट्रेडमार्कसारख्या विषयावर मुखेड या तालुक्याच्या गावी परिषद भरते आहे आणि तिचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल मी ऋणी आहे. डाळ, मसाला, बियाणे विकणाऱ्या आपल्या माणसांनी नाव कमावायला आयुष्य घातले आहे. ते नाव दुसऱ्याने नोंदवायला घेतले, तर काय करायचे?

ट्रेडमार्क कायदा वाट देतो. अर्ज ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यापासून चार महिन्यांत कलम २१ खाली कोणालाही हरकत घेता येते. अर्जदाराने उत्तर दिले आणि ते आपल्या हाती पडले, की २०१७ च्या नियमांतील नियम ४५ प्रमाणे दोन महिन्यांत शपथपत्रावर पुरावा द्यावा लागतो. तो दिला नाही आणि हरकतीच्या अर्जावरच विसंबत असल्याचेही कळवले नाही, तर हरकत सोडून दिली असे धरले जाते. मग आपली बाजू कितीही खरी असो, ती ऐकली जात नाही.

पुराव्याचे मोल १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या एका वादात स्पष्ट केले. ‘ग्लुकोव्हिटा’ या नावाने ग्लुकोज पावडर विकणाऱ्या कॉर्न प्रॉडक्ट्स कंपनीने, शांग्रिला फूड प्रॉडक्ट्सच्या ‘ग्लुव्हिटा’ बिस्किटांच्या नोंदणीला हरकत घेतली होती. अशा धाटणीची बरीच नावे नोंदवहीत आहेत, हा शांग्रिलाचा बचाव. न्यायालयाने तो मानला नाही. नोंदवहीत नाव असणे म्हणजे बाजारात ते चालते असे नव्हे. वापर सिद्ध करावा लागतो. अखेर हरकत टिकली.

आता आपल्या दुकानांकडे पाहा. ट्रेडमार्क कायद्याचे कलम ३४ आधीपासून वापर करणाऱ्याला संरक्षण देते. म्हणजे सर्वांत जुने बिल सर्वांत मोलाचे. जीएसटीचा कायदा मात्र हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवायला सांगतो, आणि त्यानंतर आपण ती रद्दीत घालतो. करासाठी निरुपयोगी ठरलेला तोच कागद हरकतीत निर्णायक असतो. शिवाय बिलावर नुसते ‘तूरडाळ, ५० किलो’ लिहिलेले असते, ब्रँडचे नाव नसते. असे बिल माल विकल्याचे सांगते. कोणत्या नावाने विकला, ते सांगत नाही.

म्हणून व्यापाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे. बिलावर ब्रँड छापा. पाकिटाचा प्रत्येक नवा नमुना, छापखान्याच्या बिलासह जपा. जाहिरातीचे कात्रण तारखेसकट ठेवा. वकील मित्रांनो, मराठी कागदांना हिंदी किंवा इंग्रजी साक्षांकित भाषांतर लागते. दोन महिन्यांच्या मुदतीत तेही बसवायचे असते. त्यामुळे तयारी हरकत दाखल करण्याआधीच सुरू करा. करसल्लागारांनो, जुने दप्तर टाकण्यापूर्वी नाव असलेली बिले वेगळी काढायला पक्षकाराला सांगा.

पाडव्याला वहीपूजन करताना प्रत्येक दुकानाने त्या वर्षाची अशी एक फाईल बांधावी, हा ठराव या परिषदेने करावा, अशी मी विनंती करतो. मोठ्या कंपनीशी गाठ पडली तरी मुखेडचा दुकानदार त्या फाईलच्या बळावर ताठ मानेने उभा राहील.