कॉलेजचा रंगमंच व फडावरची लावणी

(पंढरपूर येथें कॉलेजच्या विद्यार्थ्यांपुढें एका खेड्यांतील प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण)



विद्यापीठाच्या युवामहोत्सवांत आपण काय केलें व त्यांतून काय मिळालें, हें तुमच्यापैकीं सातआठ जणांनीं आतां सांगितलें. एकांकिकेंत काम केल्यानें भीड मोडली, असें कोणी म्हणालें. समूहगानाच्या तालमींत जिवाचे मित्र जोडले गेले, असें कोणी म्हणालें. तें सारें खरेंच आहे व ऐकून आनंद वाटला. पण शेवटीं एक मुलगी जें बोलली, त्यावर टाळी पडली नाहीं. मला त्याविषयींच बोलावयाचें आहे. ती म्हणाली, "मीं लावणी केली. बक्षीस मिळालें. आई म्हणाली, छान झालें. पण तुझी आजी फडावर नाचत होती, हें मात्र कॉलेजांत कोणाला सांगूं नकोस."

लावणी एकच, ढोलकी एकच, नऊवारी लुगडें व चाळही तेच. मग कॉलेजच्या रंगमंचावर ती कला ठरते आणि जत्रेच्या फडावर तिचा डाग कां लागतो? याचें उत्तर नाचांत नाहीं, नाचणारीच्या जातींत आहे. चांगल्या म्हणविल्या जाणाऱ्या घरची मुलगी दहा मिनिटें चाळ बांधते आणि सोडून ठेवते. जिच्या घराचें पोट त्या चाळांवर चाललें, तिच्या नातीलाही ते सोडतां येत नाहींत. गाणें पाहिजे, गाणारा नको, असा हा व्यवहार आहे.

पंढरपुराला हा व्यवहार नवा नाहीं. तुमच्यांतले कांहीं जण भारूड करतात. नाथमहाराजांनीं महार, जोशी, वासुदेव, गोंधळी अशा अनेकांचीं सोंगें घेऊन भारुडें रचलीं. पिढ्यान्‌पिढ्या तीं या गांवीं रंगत आलीं. महाराच्या तोंडचें भारूड ऐकून लोक माना डोलवीत, आणि खरा महार महाद्वाराबाहेर चोखोबाच्या समाधीपाशीं थांबविला जाई. १९४७ च्या मे महिन्यांत साने गुरुजी याच गांवांत १ तारखेपासून १० तारखेपर्यंत उपोषणाला बसले, तेव्हां कोठें मंदिराचें दार अस्पृश्यांना मोकळें झालें. भारुडाला मात्र तें दार कधींच बंद नव्हतें!

विठाबाई भाऊ मांग नारायणगांवकर हें नांव तुम्हीं ऐकलें असेल. बाई नारायणगांवच्या म्हणून ओळखल्या गेल्या, पण त्यांचा जन्म १९३५ सालीं पंढरपुरांत झाला. लावणी करणाऱ्या तुमच्या चमूंतल्या किती जणांना हें ठाऊक आहे? दिवस भरलेले असतांना त्या फडावर उभ्या होत्या. कळा सुरू झाल्या तशा आंत गेल्या, बाळंत झाल्या, दगडानें नाळ तोडली आणि पुन्हां नाचावयास बाहेर आल्या, ही हकीकत तमाशाच्या दुनियेंत सर्वांच्या तोंडीं आहे. १९५७ व १९९० सालीं राष्ट्रपतींकडून त्यांचा गौरव झाला. २००२ सालीं त्या वारल्या. अखेरचे दिवस पैशाच्या ओढाताणींत गेले. आज राज्यसरकार त्यांच्या नांवानें तमाशा-कलावंतांना पुरस्कार देतें. सरकारला जें नांव घेण्यास संकोच वाटत नाहीं, तें या गांवच्या कॉलेजांतल्या मुलीनें कां लपवावें?

कोणी म्हणेल, शाहीर राम जोशी तर सोलापूरचा ब्राह्मण होता, त्यालाही तमाशापायीं घराबाहेर काढलें. खरें आहे. घरांतून निघून तो पंढरपुरास आला, बाबा पाध्यांपाशीं शास्त्रें शिकला आणि ती विद्या घेऊन पुन्हां डफाकडेच गेला. मी त्याला मानतों. पण तो जात सोडून कलेकडे आला. विठाबाईंच्या घराण्याकडे कला जातीबरोबर आली. एकाला निवड होती, दुसऱ्याला नव्हती. हा फरक लहान नाहीं.

आतां एकांकिकेविषयीं थोडें. तुम्हांला रंगमंचावर अर्धा तास मिळतो. त्यांत दरवर्षीं शहरांतल्या माणसांचें एकटेपण मीं पाहिलें आहे. तेंही दुःख असेल, माझी तक्रार नाहीं. पण जोतीराव फुल्यांनीं १८५५ सालीं 'तृतीय रत्न' नांवाचें नाटक लिहिलें, तें तुमच्यापैकीं कोणी हातीं घेतल्याचें ऐकलें नाहीं. कुणब्याची बायको गरोदर असते. जोशी तिला ग्रहांची भीति घालून त्या नवराबायकोला लुबाडतो. मधूनमधून विदूषक त्याची फजिती सांगतो. आणि शेवटीं तीं दोघें रात्रीच्या शाळेंत जाण्याचें ठरवितात. मराठींतलें हें शाळेचें नाटक आहे, आणि शाळेमुळेंच येथपर्यंत आलेलीं तुम्ही मुलें तें करीत नाहीं! दक्षिणा प्राइझ कमिटीनें तें नाकारलें. छापून निघावयास १९७९ साल उजाडलें, म्हणजे १२४ वर्षें गेलीं. मधल्या काळांत त्यांतला विचार खेडोपाडीं नेला तो छापखान्यानें थोडा आणि सत्यशोधक जलशांनीं फार. ओतूरच्या भीमराव महामुनींसारख्या जलसेकारांनीं ढोलकी-तुणतुणें तमाशाचेंच घेतलें आणि त्यावर सावकारी, अक्षरओळख, भटशाहीची लूट हे विषय गाइले. पुढें आंबेडकरी जलशांनीं तीच वाट धरली. म्हणजे फडाची कला शिक्षणाच्या कामीं फार पूर्वींच आली आहे. कॉलेजनें ती आज मान्य केली, एवढेंच.

प्राध्यापक मंडळींना दोन विनंत्या करतों. पहिली तालमीच्या वेळेची. तालीम सायंकाळीं ठेवतां आणि आमच्या बाजूची शेवटची एस.टी. तिच्या आधींच सुटते. माझ्या शाळेंतून तुमच्याकडे आलेली एक मुलगी उत्तम ओव्या गाते; दोन वर्षें झालीं, तिचें नांव चमूंत आलें नाहीं. वडील म्हणतात, रात्रीं आणावयास येऊं कसा? मग चमूंत उरतात तीं गांवांतलीं मुलें. तालीम दुपारीं घेतली तर काय बिघडतें?

दुसरी विनंती शिकविणाऱ्याची. लावणी तुम्ही मोबाईलवर पाहून बसवितां, नाहीं तर शहरांतून नृत्य बसविणारा आणतां. फडावर आयुष्य घालविलेल्या बाया या जिल्ह्यांत अजून आहेत. त्यांना बोलवा, आणि बोलवाल तर मानधन ठरवून, खुर्ची देऊन, नांव पत्रिकेंत छापून बोलवा. ढोलकीवाला तर आजही तुम्ही बाहेरून आणतांच. ढालीबरोबर काढलेले तुमचे फोटो मीं फलकावर पाहिले. त्यांत तो कोठेंच नाहीं.

जी मुलगी आतां बोलली, तिच्या आजी हयात असतील तर पहिलें बोलावणें त्यांना जावें, असें मला वाटतें. पण तें तिनें घरीं विचारून ठरवावें; आपण तिच्यावर जबरदस्ती करूं नये.

'तृतीय रत्न' ज्यांत आहे तो ग्रंथ मीं बरोबर आणला आहे. ग्रंथपालांकडे ठेवून जातों. मुलांनीं उतरून घ्यावा आणि दिवाळीपूर्वीं परत करावा. माझ्याजवळ ती एकच प्रत आहे.