घाण्याचा हिशेब

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून आजवर वकील, डॉक्टर आणि कारखानदार बोलून गेले. मी केवळ मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शाळामास्तर. तेव्हा विद्वत्तेचे भाषण माझ्याकडून होणार नाही. परंतु मला अनेक वर्षे सलत आलेली एक गोष्ट आपणांपुढे मांडावी, असे चिटणीसांच्या आग्रहामुळे मनात आले. ती गोष्ट हिशेबाची आहे.

माझ्या थोरल्या बंधूंचा तेलाचा घाणा होता. माल चोख, माप खरे आणि बोलणे गोड. काही वर्षांनी समोरच्याच रांगेत दुसरे दुकान निघाले आणि त्याने भाव थोडा उतरविला. दादांनी त्याहून थोडा अधिक उतरविला. गिऱ्हाईक वाढले, घाणा रात्रीपर्यंत फिरू लागला आणि संध्याकाळी गल्ला भरलेला दिसू लागला. "मास्तर, देवाची कृपा आहे," असे दादा मला म्हणत आणि मीही मान डोलावीत असे. पुढे यंत्राची मोठी दुरुस्ती निघाली तेव्हा पेटीत पैसा नव्हता. कर्ज झाले, कर्जावर व्याज चढले आणि अखेर घाणा मोडीच्या भावाने विकावा लागला. दादांना ना कसले व्यसन होते, ना त्यांना कोणी फसविले होते. जितका अधिक माल ते विकीत होते, तितके ते अधिक बुडत होते!

त्या काळात मी वर्गात मुलांकडून नफा-तोट्याची उदाहरणे सोडवून घेत होतो. मग सख्ख्या भावाचा तोटा मला का दिसला नाही? पुष्कळ विचारांती मला उत्तर सापडले. पाठ्यपुस्तकातील उदाहरणात खरेदीची किंमत आधीच दिलेली असते. व्यवहारात ती कोणी देत नाही, ती आपणच शोधून काढावयाची असते. या शोधून काढण्याच्या शास्त्रालाच परिव्यय लेखांकन म्हणतात. कीर्द-खतावणी झालेला व्यवहार सांगते. हे शास्त्र पुढे काय करावे ते सांगते.

आता समजुतीसाठी एक उदाहरण घेऊ. आकडे मी सोयीचे धरले आहेत, ज्याने त्याने आपापले घालावेत. शेंगदाणे १२० रुपये किलो. १०० किलोंना १२,००० रुपये लागले. त्यांतून ४० किलो तेल व ५६ किलो पेंड निघाली आणि ४ किलो घट आली. पेंड ४० रुपये किलोने विकून २,२४० रुपये परत आले. म्हणजे ४० किलो तेलाला ९,७६० रुपये पडले. किलोला २४४ रुपये. त्यांत बाटली, झाकण व वीज यांचे १६ रुपये मिळविले की २६० रुपये झाले. तेल आपण ३०० रुपयांनी विकतो. पुष्कळ दुकानदारांचा हिशेब येथेच संपतो आणि किलोमागे ४० रुपये सुटले म्हणून ते समाधान मानतात.

परंतु घाणा फिरो वा न फिरो, काही खर्च उभेच असतात. त्यांना स्थिर खर्च म्हणतात. गाळ्याचे भाडे १०,००० रुपये, कामगाराचा पगार १४,००० व कर्जाचे व्याज ६,००० धरा. यंत्र ४,८०,००० रुपयांचे असून दहा वर्षे टिकणार असेल, तर महिन्याला ४,००० रुपये त्याची झीज होते, हा घसारा. शिवाय मालक स्वतः दिवसभर राबतो, त्याची मजुरी १६,००० रुपये. एकूण महिना ५०,००० रुपये झाले. किलोमागे सुटणाऱ्या ४० रुपयांतून हे भरून निघावयाचे, तर १,२५० किलो तेल विकले पाहिजे. हा ना नफा ना तोटा असा टप्पा. नफा त्यापुढे सुरू होतो.

समजा, १,००० किलोच विकले गेले. ४०,००० रुपये सुटले. भाडे, पगार आणि व्याज मिळून ३०,००० गेले आणि हाती १०,००० उरले. हा नफा असे वाटते. पण मजुरी व घसारा यांचे २०,००० रुपये द्यावयाचे राहिलेच आहेत! म्हणजे प्रत्यक्षात १०,००० रुपयांचा तोटा आहे. यंत्राची झीज आणि घरच्या माणसांचे कष्ट तोंडाने पैसे मागत नाहीत, म्हणून ते वहीत येत नाहीत. आमच्या मातोश्री आणि वहिनी शेंगदाणे निवडीत बसत. त्यांच्या श्रमाचा एक रुपयाही दादांनी कधी हिशेबात धरला नाही आणि मीही धरा म्हटले नाही.

आता चढाओढीत भाव केवळ दहा रुपयांनी उतरविला असे धरा. ३०० चे २९० झाले. शेकड्याला साडेतीनही नाहीत. परंतु सुटणारी रक्कम ४० वरून ३० वर आली. आता तोटा टाळण्यास सुमारे १,६६७ किलो, म्हणजे पूर्वीच्या तिसऱ्या हिश्श्याने अधिक माल विकला पाहिजे. दादांचा घाणा कोठे अडकला, हे आता आपल्या ध्यानी आले असेल.

याचा अर्थ भाव कधीच उतरवू नये असा नव्हे. घाणा रिकामा उभा असेल आणि एखाद्या खानावळीने २०० किलो तेल २८० रुपयांनी मागितले, तर अवश्य द्यावे. स्थिर खर्च तर होतच आहे. किलोमागे २० याप्रमाणे ४,००० रुपये वर पदरात पडतील. मात्र त्यामुळे नेहमीच्या गिऱ्हाइकांचा भाव ढासळता कामा नये आणि २६० च्या खाली तर मुळीच जाऊ नये. कोठे ताणावे व कोठे सोडावे, हे आकड्यांवाचून कळत नाही.

थोरांनाही हे ठेच लागल्यावरच उमगले. इंग्लंडमधील विख्यात चिनीमाती उद्योजक जोसाया वेजवुड यांनी १७७२ साली मंदीच्या दिवसांत आपल्या खर्चाची बारकाईने छाननी केली. माल थोडा निघो वा पुष्कळ, काही खर्च चालूच राहतात, हे त्यांच्या ध्यानात आले. आपल्या देशात या विद्येसाठी १९५९ साली स्वतंत्र कायदा झाला असून त्या कायद्याखालील संस्था कॉस्ट अकाउंटंटच्या परीक्षा घेते. आपल्या मुलामुलींनी या परीक्षांचा अवश्य विचार करावा.

ज्ञातिबंधूंनो, आपण संताजी महाराज जगनाडे यांचे नाव अभिमानाने घेतो. तुकोबांची वाणी त्यांनी लिहून ठेवली, असे परंपरा सांगते. लिहून ठेवणाऱ्याचा वारसा सांगणाऱ्यांनी आपला खर्च तेवढा तोंडी ठेवावा, हे शोभत नाही. आज लाकडी घाण्याच्या तेलाला पुन्हा मागणी आली आहे आणि आपले तरुण कर्ज काढून घाणे मांडीत आहेत. त्यांच्यासाठी संस्थेने महिन्यातून एक रविवार हिशेबाचा वर्ग चालवावा, अशी माझी नम्र सूचना आहे. तेथे विनावेतन शिकविण्यास मी तयार आहे.

दादा आता नाहीत. त्यांच्या वह्या माझ्यापाशी आहेत. अक्षर सुवाच्य, बेरजा बिनचूक. केवळ काही रकाने आखावयाचे राहून गेले. आपल्या वहीत ते रकाने आजच आखा, एवढीच विनंती.